नळी साफ आहे

टाकीनं तिसऱ्यांदा पाणी परत फेकलं, तेही थेट मर्विन व्हेनिंगच्या तोंडावर, तेव्हा शेजारून पहिली घडीची खुर्ची बाहेर आली.

सेडूना ह्या समुद्रकाठच्या गावातल्या त्या कॅरव्हॅन पार्कात हा नियमच होता. कुणाच्या हातात पाना दिसला, कुणी गाडी मागं घेऊ लागलं, कुणी नुसतं गाडीखाली वाकून "च् च्" केलं, तरी खुर्च्या यायच्या. सगळे निवृत्त. सगळ्यांनी घरं विकून चाकांवरची घरं घेतलेली, आणि दिवसभर करण्यासारखं एकच काम उरलेलं, ते म्हणजे दुसऱ्याचं काम बघणं.

"पाणी जात नाहीये का रे?" खुर्चीतून होर्स्टनं विचारलं. होर्स्ट तरुणपणी पाणबुडीवर होता, त्यामुळं पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द मानला जाई. तिथं तो स्वयंपाकी होता ही गोष्ट कुणी काढत नसे.

मर्व्हच्या भुवयांवरून थेंब ठिबकत होते. "जातंय की," तो म्हणाला. "पण त्याला आत करमत नाहीये."

विनोद केला खरा, पण लगेच घड्याळाकडं बघितलं. उद्या सकाळी सहाला निघायचं होतं. पुढं नलारबोरचं ओसाड माळरान. बाराशे किलोमीटर, धड गाव नाही, आणि वाटेत पाण्याचा नळ दिसलाच तर त्याला कुलूप. टाकी काठोकाठ भरल्याशिवाय त्या वाटेला कुणी लागत नाही. मर्व्हच्या मोटारहोमची टाकी एकशेसाठ लिटरची. काटा पाव टाकीवर अडून बसला होता आणि टाकी त्यावर एक थेंब घ्यायला तयार नव्हती.

मर्व्हनं मरी नदीकाठच्या एका गावात अडतीस वर्षं पाणीपुरवठा खात्याचे पंप दुरुस्त केले होते. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, कारण काही घडायच्या आत तो ते दुरुस्त करून टाकायचा. निरोप समारंभात खात्यानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते मागं पडत होतं. साहेबांचं भाषण संपेपर्यंत मर्व्हनं ते मांडीवर घेऊन, मागचं झाकण काढून, नीट केलं होतं.

असल्या माणसाचं स्वप्नही असलंच. पश्चिमेकडं, समुद्राजवळच्या टेकड्यांपासून पार आत सोन्याच्या खाणींपर्यंत, पाण्याचा एक पाइप जातो. पाचशेहून अधिक किलोमीटर लांब, शंभराहून अधिक वर्षं जुना, वाळवंटातून वर चढवत पाणी नेणारा. लोक पश्चिमेला समुद्र बघायला जातात. मर्व्हला पाइप बघायचा होता. त्या पाइपाचं एक चित्र असलेलं कार्ड त्याच्या फ्रिजवर चिकटवलेलं होतं, नातवंडांच्या फोटोंच्या वर. चार वर्षांपूर्वी घर विकून गाडी घेतली ती त्यासाठीच. पण मध्ये हे बघू, ते बघू करत चार वर्षं गेली, आणि मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यंदा चालवा गाडी. पुढच्या वर्षी तुमच्या लायसन्सच्या कागदावर मी सही करीन असं वाटत नाही."

म्हणजे जायचं ते आत्ताच.

"मर्व्ह, आधी चहा घे," पायरीवर बसलेली ग्लेनिस म्हणाली. ग्लेनिस त्याची बायको, सेहेचाळीस वर्षांची. म्हणजे लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली. "पाणी कुठं पळून जातंय?"

"परत येतंय, हीच तर तक्रार आहे," मर्व्ह म्हणाला.

एवढ्यात नोएल आला. नोएल ट्रेगेन्झा शेजारच्या कॅरव्हॅनमध्ये सहा वर्षं कायमचा राहत होता. आधी बस चालवायचा. काडीसारखा बारीक माणूस. मर्व्ह आणि ग्लेनिस इथं आठवड्याभरासाठी म्हणून आले आणि अकरा आठवडे राहिले, त्यातले निदान नऊ आठवडे नोएल आणि मर्व्ह धक्क्यावर गळ टाकून शेजारी शेजारी बसले होते. बोलणं फारसं नाही. मासेही फारसे नाहीत. पण पुरुषांची मैत्री व्हायला एवढं पुष्कळ होतं.

"काय रे लेका, अडतीस वर्षं खात्याला फसवत होतास वाटतं?" नोएल म्हणाला. "घरची टाकी भरता येईना तुला!"

"बडबड नको. तू बारीक आहेस, खाली शिर. माझं पोट मावत नाही."

लिफाफ्यात पत्र सरकवावं तसा नोएल गाडीखाली सरकला.

"मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला बघ," मर्व्ह बाहेरून म्हणाला. "टाकीच्या डोक्यावरून एक बारकी नळी खाली येते. हवेची. तिचं तोंड मोकळं आहे का?"

नोएलच्या चपला आणखी वीतभर आत सरकल्या.

"आहे."

"फुंकर मारून बघ."

पायरीवर ग्लेनिसचा चमचा कपात फिरायचा थांबला होता.

"मारली."

"जाते हवा?"

"जाते की. साफ आहे नळी, मर्व्ह. एकदम साफ."

मर्व्हला नवल वाटलं. कारण टाकी अशी थुंकायला लागली की दहापैकी नऊ वेळा दोष त्या नळीचाच असतो. आतली हवा बाहेर पडल्याशिवाय पाणी आत जात नाही, एवढी साधी गोष्ट. लग्नाच्या आधी ग्लेनिसच्या आईच्या स्वयंपाकघरात त्यानं हे ग्लेनिसला आटवलेल्या दुधाच्या डब्यावर करून दाखवलं होतं. डब्याला एक भोक पाडलं, उपडा धरला, दूध येईना. समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं, धार लागली. "पहिलं भोक दुधाचं, दुसरं हवेचं," तो म्हणाला होता. त्याला प्रेमाचं बोलणं म्हणून एवढंच येत होतं, आणि ते चाललं.

खात्याच्या कार्यशाळेत भिंतीवर खडूनं एक नियम लिहिलेला होता: दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघू नये. अक्षर मर्व्हचंच होतं. पण नोएल म्हणजे काही दुसरा नव्हे. मर्व्हनं नळीवर मनातल्या मनात काट मारली आणि पुढं गेला.

मग दिवसभर तो पुढंच जात राहिला. पाणी भरायच्या तोंडाचा जाड पाइप सोडवून काढला, डोळ्याला लावून आरपार बघितलं. त्यातून पलीकडं होर्स्ट दिसला, म्हणजे मोकळा. जाळी काढून घासली. टाकी रिकामी करायचा खालचा नळ बंद आहे याची खात्री केली. पार्कच्या नळाचा जोर जास्त असेल म्हणून तो अर्धा केला, तर टाकी हळू थुंकली. वीस लिटरच्या कॅनमधून नरसाळ्यानं ओतून बघितलं. नरसाळं भरून वाहिलं.

दुपारपर्यंत चौदा खुर्च्या झाल्या. कुणी म्हणालं, काटा खोटा आहे, टाकी भरलेलीच आहे. कुणी म्हणालं, इथलं पाणीच जड आहे. लोकांनी घरून सँडविच आणली. एका बाईनं विणकाम आणलं.

ग्लेनिसनंही मर्व्हला हॅमचं सँडविच दिलं. ते खाताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना.

तीनच्या सुमाराला ऊना क्रोन आल्या. त्या गुराढोरांच्या डॉक्टर होत्या, निवृत्त, आणि पार्कात सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, अगदी ज्यांना त्या गोळ्या देत नसत तेही. त्यांनी गर्दी बाजूला केली, गुडघ्यावर बसल्या, पिशवीतून स्टेथोस्कोप काढून टाकीच्या बाजूला लावला आणि बोटानं टकटक केलं.

चौदा खुर्च्यांनी श्वास रोखला.

"फुगलीय," डॉक्टर म्हणाल्या.

"कोण?"

"ही. ओली मेथी खाऊन गाय फुगते ना, ती अशीच वाजते. ढेकर यायची वाट बंद झालीय हिची. हवा अडकलीय, मर्विन."

"हवेची नळी साफ आहे, डॉक्टर. नोएलनं सकाळीच बघितली."

डॉक्टरांनी नोएलकडं बघितलं. नोएल टोपीची शिवण बघत होता.

"चाळीस वर्षांत," डॉक्टर स्टेथोस्कोप गुंडाळत म्हणाल्या, "गाय माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. मालक बोलले."

होर्स्टनं घाईघाईनं तोड काढली. टाकी एका अंगाला कलती करायची. हवा वरच्या कोपऱ्यात जमेल आणि आपसूक वाट काढेल. पाणबुडीत असंच करतात, तो म्हणाला. टेबलं कलंडली की जेवणाची वेळ बदलावी लागते, हेही म्हणाला, पण हळू. लगेच ठोकळे आले, फळ्या आल्या, जॅक आला, सहा जणांनी सहा दिशांना "येऊ दे, येऊ दे" असे हात हलवले आणि मर्व्हनं गाडीची डाव्या अंगाची दोन्ही चाकं ठोकळ्यांवर चढवली. गाडी उजवीकडं झुकली.

आत कुठलंतरी कपाट धाडकन उघडलं.

पहिला कांदा दारातून बाहेर आला, पायरीवर टप् टप् करत खाली उतरला आणि होर्स्टच्या खुर्चीपाशी थांबला. मग दुसरा. मग पाच-पाच, सहा-सहा एकदम. मग बटाटे. मग फ्लॉवरचा एक गड्डा, मोठ्या पाहुण्यासारखा, सगळ्यांच्या शेवटी.

कुणी हसलं नाही.

कारण पश्चिमेच्या राज्याच्या सीमेवर नाका आहे, आणि तिथले लोक कीड आत येऊ नये म्हणून फळ, भाजी, मध, जे सापडेल ते काढून घेतात. त्यामुळं उद्या पश्चिमेला निघणाऱ्याच्या घरी आज घरातली सगळी भाजी एका पातेल्यात शिजते. पार्कात त्याला नाक्याचं सूप म्हणतात. दुपारपासून वास सुटतो, संध्याकाळी अख्खा पार्क आपापला वाडगा घेऊन येतो, निरोप होतो. असा निरोप मर्व्ह आणि ग्लेनिसनं अकरा आठवड्यांत वीसेक जणांना दिला होता. ग्लेनिसनं तर आयुष्यात एक गाजर सरकारला दिलं नव्हतं. आणि उद्या निघायचं असताना तिच्या कपाटात पाच किलो कांदे होते.

सँडविच खाताना काय चुकलं होतं ते मर्व्हला आता कळलं. सकाळपासून सूपचा वास नव्हता.

"स्वस्त होते," ग्लेनिस म्हणाली. ती फ्रॉकच्या ओच्यात कांदे गोळा करत होती. वर बघत नव्हती.

मर्व्हनं तिच्या हातात एक कांदा उचलून दिला. मग तो जमिनीवर उताणा झाला. गाडी डावीकडून चार बोटं उचललेली होती. आता त्याचं पोट मावत होतं.

"अरे मर्व्ह, मी बघतो ना," नोएल म्हणाला. "तू कशाला उगाच..."

मर्व्ह खाली गेला.

नळी शोधायला त्याला काही वेळ लागला नाही. मागच्या चाकाच्या आत, कमानीला चिमट्यानं बांधलेली, करंगळी जाईल एवढ्या तोंडाची. त्यानं बोट लावलं. बोटाला काहीतरी मऊ लागलं. नखानं ओढलं तसं ते हळूहळू, अंग चोरून बाहेर आलं आणि त्याच्या तळहातावर फुगून आपल्या मूळच्या आकाराचं झालं. पिवळा, स्पंजाचा, कानात घालायचा बोळा.

त्याच क्षणी नळीतून हवा आली. जोरात नाही. कुणी झोपेत उसासा टाकावा तशी, त्याच्या गालावर, प्लॅस्टिकचा आणि जुन्या पाण्याचा वास असलेली.

बोळे ग्लेनिसचे होते. मर्व्ह घोरतो म्हणून तिनं पोर्ट लिंकनच्या औषधाच्या दुकानातून वीस जोड्यांचा डबा घेतला होता. "खात्याचा पंप परवडला, त्याला निदान बटण होतं," ती दुकानदाराला म्हणाली होती.

खालून मर्व्हला फक्त पाय दिसत होते. खुर्च्यांचे पाय, माणसांचे पाय, डॉक्टरांचे बूट. मग एक जोडी निळ्या सँडलची टायरपाशी आली. तिच्याजवळ एक जोडी रबरी चपलांची. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, तारेनं बांधलेला. ती तार मर्व्हनंच बांधून दिली होती.

"तू म्हणालास तो मावत नाही खाली," सँडल कुजबुजल्या.

"मावतच नव्हता गं. ह्या येड्यांनी ठोकळे लावले."

"आता?"

"सांगू का मी त्याला? माझ्या अंगावर घेतो सगळं."

"काय घेणार आहेस तू अंगावर? बोळा माझा आहे."

मर्व्ह उताणा पडून राहिला. डोक्यापासून वीतभर अंतरावर टाकीचा तळ होता. आधी त्याला राग आला तो नोएलचा. फुंकर मारली म्हणाला. एकदम साफ म्हणाला. ते 'एकदम' तरी कशाला घालायचं? आणि मग दिवसभर शेजारी उभा राहून पाने दिले, नरसाळं धरलं, त्याच्याबरोबर डोकं खाजवलं.

मग दूध आठवलं. पहिलं भोक दुधाचं, दुसरं हवेचं. मर्व्हनं आयुष्यात तिला शिकवली अशी ती एकच गोष्ट, आणि ती तिनं नीट लक्षात ठेवली होती. टाकीला भोक पाडलं नाही, पंपाची तार तोडली नाही. जिथं बोळा लागतो तिथंच लावला. एखाद्या कारागिरानं कौतुक करावं असं काम होतं. त्यामुळं ते जास्त लागलं.

बोलायचं होतं तर बोलायचं होतं, त्याला वाटलं.

आणि मग, खाली दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळं, त्याला आठवत गेलं. ती बोलली होती. स्ट्रीकी बे ह्या गावात असताना ती म्हणाली होती, इथं राहू या का? तो म्हणाला होता, पुढं यापेक्षा छान आहे. त्याच्या आधी दोन-तीन गावांतही. पुढं यापेक्षा छान आहे. इथं गावातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात ती मंगळवारी आणि शुक्रवारी फुकट काम करायला जायला लागली. महिन्यानं त्यांनी तिला छातीवर लावायची पट्टी दिली, त्यावर तिचं नाव. ते बघ, म्हणून ती घरी येऊन उभी राहिली होती. तो कार्डावरच्या पाइपाचा व्यास मोजत होता. "छान आहे," तो म्हणाला होता. कशाबद्दल ते त्याला आत्ताही आठवेना.

तरीही, त्याला वाटलं. तरीही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिला ठाऊक होतं. ती बरोबर होती. तिनंच त्याचा हात धरला होता. ते ठाऊक असून तिनं बोळा लावला.

"मर्व्ह?" वरून होर्स्टची हाक आली. "जिवंत आहेस का रे? पाच वाजले."

पाच वाजता पार्कात सगळे आपापली खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन गोल बसायचे. आज खुर्च्या आधीच गोलात होत्या.

मर्व्हनं बोळा दोन बोटांत चिमटला, बारीक वळला, नळीच्या तोंडात घातला आणि तो आत फुगून घट्ट बसेपर्यंत अंगठा त्यावर धरून ठेवला. अर्धवट काम त्याला कधी जमलं नव्हतं. मग तो बाहेर आला.

बाहेर सगळे उभे होते. ग्लेनिसच्या ओच्यात कांदे तसेच होते.

"सापडलं?" होर्स्टनं विचारलं.

मर्व्हनं फडक्याला हात पुसले. एक एक बोट. "नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही सापडत. टाकी खाली उतरवावी लागेल. भाग मागवावे लागतील."

"किती दिवस लागतील?"

"कोण जाणे. वर्षही लागेल."

चौदा खुर्च्यांना हे पटायला वेळ लागला. पार्कातले निम्मे पंप ह्याच माणसानं नीट केले होते. विणकामवाल्या बाईची सुई थांबली. होर्स्टनं टोपी काढली. "होतं असं, गड्या," तो म्हणाला. "वय होतं सगळ्यांचंच." आणि त्यानं मर्व्हच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कुणी ठेवला नव्हता तसा, दयेचा. मर्व्हनं तो ठेवू दिला.

"मर्व्ह," ग्लेनिस म्हणाली. "हवेची नळी बघितलीस का?"

मर्व्हनं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या शेजारच्या रबरी चपलांकडं.

"मी कशाला बघू?" तो म्हणाला. "नोएलनं बघितलीय. साफ आहे म्हणाला. एकदम साफ."

नोएलनं टोपी डोळ्यांवर ओढली. डॉक्टरांनी पिशवीची चेन लावली, मर्व्हकडं एकदा बघितलं, आणि खुर्ची फिरवून समुद्राकडं तोंड करून बसल्या.

गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली. लोक बसले, बाटल्या उघडल्या, बोलणं मासळीवर गेलं.

ग्लेनिस खिडकीत आली. "मर्व्ह, सूप करू का?"

"सूप कशाला?" तो म्हणाला. "कोण निघालंय?"

ती खिडकीतच उभी राहिली. मागं फ्रिजवर पाइपाचं कार्ड दिसत होतं.

टाकीला वगळून पार्कच्या नळाचं पाणी थेट गाडीतल्या नळांना द्यायचा लांब पाइप मर्व्हनं उद्याच्या तयारीनं सकाळीच गुंडाळून डिकीत टाकला होता. तो त्यानं पुन्हा काढला. वेटोळं जमिनीवर ठेवून सोडवायला लागला तसा नोएल उठून आला.

"पीळ पडलाय बघ. दे, मी धरतो एक टोक."

"नको."

"मर्व्ह, ऐक ना, मला..."

"हात लावू नकोस, नोएल."

नोएल तिथंच उभा राहिला, तारेच्या चपलेवर.

मर्व्हनं एक टोक नळाला जोडलं. हातानं आवळलं, मग पान्यानं पाव फेरा. दुसरं टोक गाडीला. मग नळ सोडला आणि तो पाइपाच्या कडेकडेनं चालत गेला, डावा, त्यातल्या त्यात बरा डोळा लावून, कुठं वळसा पडलाय का, कुठं मुडपलाय का ते बघत, पायानं सरळ करत. अकरा मीटर होता. शेवटाला पोचल्यावर तो वळला आणि तसाच परत नळापर्यंत चालत आला.

आत ग्लेनिसनं कांदे धुवायला घेतले, त्याचा आवाज आला. मर्व्ह सांध्यापाशी खाली बसला आणि त्यानं त्यावरून बोट फिरवून बघितलं. कुठं गळत नव्हतं.